सुलक्षणाला कधीच अडचण नसते

ऑगस्ट उजाडला की इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या मराठी बायका कॅलेंडर उघडून बसायच्या. गौरी कधी येतायत आणि आपली तारीख कधी येतेय, ते बघायचं. दोन्ही एकाच आठवड्यात पडत असलं की जी.पी.कडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, धाव घ्यायची, “फॅमिली फंक्शन आहे” असं जरा लाजत सांगायचं आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेऊन यायचं. यांच्याकडे दर सप्टेंबरातच एवढी फंक्शन्स कशी निघतात, असा प्रश्न त्या इंग्रज डॉक्टरांना पडला नसेल तर नवल. या धावपळीत कधीही न सापडलेली एकच बाई होती, ती म्हणजे सुलक्षणा.

सुलक्षणा नागपूरची. १९९७ साली लग्न होऊन आली. नवरा जयंत सॉफ्टवेअरमधला, सकाळी आठ पाचची गाडी पकडणारा आणि घरी फार न बोलणारा. ही एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री. इथल्या परीक्षा पुन्हा देऊन तिने बेसिंगस्टोकच्या बाजूला एका हॉस्पिटलच्या रक्ततपासणी लॅबमध्ये नोकरी मिळवली. उंची पाच फूट दोन इंच आणि वजन दर दिवाळीला थोडं पुढे सरकत एकोणीस स्टोनपर्यंत, म्हणजे एकशेवीस किलोपर्यंत गेलेलं. हसायची खूप. जाड बायकांनी हसरंच असावं असा लोकांचा आग्रह असतो, आणि तो तिने कधी मोडला नाही.

पहिल्याच वर्षी ती लीलावतीकाकूंच्या नजरेत भरली. काकू सांगलीच्या, १९६८ पासून इथल्या, आणि त्यांच्याकडच्या उभ्या गौरी म्हणजे सगळ्या गावाचा सण. चाळीस पानं उठायची. सोळा भाज्या, पुरणपोळी, सगळं सोवळ्यात. मटकीपासून अळूपर्यंत जमवूनही पंधराच झाल्या तर सोळावी म्हणून ब्रसेल्स स्प्राऊटची परतून भाजी व्हायची, आणि ती देवीने आजवर नाकारलेली नाही. पण काकूंचे गुडघे गेले होते. दिवसातून एकदा आंघोळीसाठी जिना चढायचा आणि उतरायचा, एवढंच त्यांना जमायचं. तेव्हा ओट्यापाशी उभी राहील आणि ऐनवेळी “काकू, मला जमणार नाही हो” असा फोन करणार नाही अशी सवाष्ण त्यांना हवी होती. सुलक्षणाचा तसा फोन १९९७ ला आला नाही, ९८ ला आला नाही, ९९ ला आला नाही. चौथ्या वर्षी काकूंनी भर पंगतीत जाहीर करून टाकलं, “सुलक्षणाला कधीच अडचण नसते. गोळ्याबिळ्या काही नाही. देवीनंच सोवळी ठेवलीय तिला माझ्यासाठी.”

बायकांनी माना डोलावल्या. कुणी कुणी हळदीकुंकवाला मुद्दाम तिच्याकडून पहिलं कुंकू लावून घेऊ लागल्या. सगळ्या शिकलेल्या, दोघी तर डॉक्टर. पण काकूंच्या ओट्यापाशी उभं राहिलं की शिक्षण कोटासारखं बाहेर खुंटीला लटकवून यायची पद्धत होती.

खरी गोष्ट अशी होती की सुलक्षणाला पाळी येतच नव्हती. पॉलिसिस्टिक ओव्हरी, म्हणजे पी.सी.ओ.एस. स्वतःहून आलेली शेवटची पाळी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची, त्यानंतर कोरडं. गर्भाशयाचं अस्तर साचून राहिलं तर पुढे भलतंच काहीतरी होईल म्हणून डॉक्टर तिला दर तीन महिन्यांनी दहा दिवस गोळ्या द्यायचे. गोळ्या बंद केल्या की दोन दिवसांनी जे यायचं, ते औषधाने आणलेलं. आणि ते कधी आणायचं हे तिच्या हातात असल्यामुळे जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे महिने तिने लावून घेतले होते. सप्टेंबर मोकळा. देवीची कृपा एवढीच.

एका वर्षी काकूंच्या स्वयंपाकघरात मंजिरीने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून पाण्याबरोबर एक गोळी घेतली. मंजिरी ही सुलक्षणाची या गावातली एकुलती एक खरी मैत्रीण. “पुढे ढकलतेय, दुसरं काय!” ती डोळा मारत म्हणाली. सुलक्षणाने पट्टी हातात घेऊन पाहिली. तेच नाव, तीच गोळी. जी गोळी मंजिरीची थांबवत होती, तीच थांबवली की हिची येत होती. त्या दिवशी सुलक्षणाला एवढं हसू आलं की पुरण लागता लागता राहिलं. घरी जाऊन मात्र ती खूप रडली.

कारण एव्हाना तिशी उलटत आली होती आणि मूल नव्हतं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. टेस्ट ट्यूबच्या मोठ्या ट्रीटमेंटला “आधी वजन कमी करा” म्हणून दोनदा परत पाठवलं. सकाळी साडेपाचला उठून ती बाथरूममध्ये हनुवटीवरचे केस काढायची आणि त्या वेळी जयंत खाली चहा करत असायचा. एक कप चहाला त्याला चाळीस मिनिटं लागायची. का लागतात हे तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. माणूस कमी बोलत असला तरी कळत नाही असं थोडंच आहे.

आणि गंमत बघा, लॅबमध्ये तिचं कामच मुळी हार्मोनचं. दिवसभरात शेकडो बायकांच्या रक्ताच्या नळ्या ती मशीनमध्ये लावायची. पुरुषी म्हणतात ते टेस्टोस्टेरॉन बायकांच्या रक्तातही थोडं असतंच. त्यांच्या मशीनवर ते अडीचच्या आत असलं की ठीक. तिचं स्वतःचं चारच्या वर. स्वतःची नळी स्वतः लावायची नाही, कॉम्प्युटरवर स्वतःचा आकडाही उघडून बघायचा नाही, पत्र येईपर्यंत थांबायचं, हा तिथला नियम. लॅबचंही एक सोवळं असतंच, आणि सुलक्षणा ते काकूंच्या सोवळ्याइतकंच कडक पाळायची.

२००५ च्या शेवटी हार्मोन क्लिनिकच्या डॉक्टर प्रिचर्ड म्हणाल्या, “सुलक्षणा, हॅव यू थॉट अबाउट सर्जरी?” पोट लहान करायचं, आतड्याचा वरचा भाग वगळून पुढचा जोडून द्यायचा. सुलक्षणाला वाटलं, ही बाई माझ्या जाडीचं बोलतेय. पण प्रिचर्डबाई बोलत होत्या ओव्हरींबद्दल. अशा काही बायकांमध्ये ऑपरेशननंतर पाळी आपोआप सुरू झाल्याचं दिसतंय, म्हणाल्या. वचन देत नाही, पण दिसतंय.

मंजुरीला दोन वर्षं गेली. जानेवारी २००८ मध्ये ऑपरेशन झालं. घरचे सोडून सगळ्यांना सांगितलं की पित्ताशयाचं आहे. मंजिरीलाही तेच आणि काकूंनाही तेच. मेहनत न करता वजन उतरवलं म्हणतील, हे एक. आणि दुसरं म्हणजे कशासाठी उतरवलं ते सांगावं लागलं असतं, आणि मग अकरा वर्षांची ती देवीची कृपा उघडी पडली असती. आपल्या या देहाला आयुष्यात मिळालेला तो एकच मान होता. खोटा असला म्हणून काय झालं, माणूस मानाला चिकटून बसतं.

पहिला महिना सूप. मग वाटीभर मऊ भात अर्धा तास चघळत. वजन उतरायला लागलं, ते अपेक्षितच होतं. पण सहा आठवड्यांनी रक्ताचं पत्र आलं तेव्हा ती जिन्यातच बसली. इन्शुलिन अर्ध्यावर आलं होतं. अजून धड दोन स्टोनही उतरले नव्हते, आरशात जाड तशी जाडच दिसत होती, आणि आत कुणीतरी गुपचूप कामाला लागलं होतं.

ती पुस्तकातून सगळं शिकलेली होती. रक्तात एक प्रथिन असतं, ते टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं. इन्शुलिन चढलं की ते प्रथिन घटतं आणि हार्मोन मोकाट सुटतं. हे ती परीक्षेत लिहून पास झाली होती. पण कात्री लागली पोटाला आणि ऐकू गेलं ओव्हरींना, हे कुठल्या पुस्तकात वाचून अंगावर येत नाही. तीन महिन्यांनी ते प्रथिन दुप्पट झालं. मे महिन्यात एका सकाळी ती साडेपाचला उठली, आरशासमोर उभी राहिली आणि काढायला काही सापडलंच नाही. आदल्या दिवशी काढले होते ते परत आलेच नव्हते. तिने हनुवटीवरून बोट फिरवलं, उलटं फिरवलं, मोठा दिवा लावून पाहिलं. मग खाली आली. जयंत दचकला.

“इतक्या लवकर?”

“नाहीयेत आज,” ती म्हणाली.

जयंतने दोन कप ओतले. चहाला त्या दिवशी सहा मिनिटं लागली.

जुलैच्या पत्रात टेस्टोस्टेरॉन दीड होतं. दीड! लॅबमध्ये इतक्या बायकांचे इतके दीड तिने बघितले होते आणि एकदाही मान वर केली नव्हती. आता तो आकडा बघून तिने पत्राला हात जोडले आणि मग कुणी बघितलं तर नाही ना म्हणून आजूबाजूला पाहिलं.

पण पाळी आली नव्हती. प्रिचर्डबाईंनी एप्रिलपासून गोळ्या बंद केल्या होत्या. आता त्या म्हणाल्या, “नंबर्स आर रेडी. आता शरीराला वेळ देऊ. ऑक्टोबरपर्यंत वाट बघते, नाही आली तर परत गोळ्या.” आणि मग थोडं थांबून, “तुझं वय सदतीस आहे. आपोआप आली, तर पुढच्या वर्षी मुलाचा विचार करता येईल. नाही आली, तर मला फार आशा दाखवायची नाहीये.” बाई सरळ होत्या. सुलक्षणाला सरळपणाच हवा होता, पण घरी येईपर्यंत तिला गाडी दोनदा बाजूला थांबवावी लागली.

जुलै गेला. ऑगस्ट गेला. काकूंचा फोन आला, “येतेस ना गं? वाळलीस म्हणून काम टाळू नकोस हं.” ती म्हणाली, “येते की.” ऑक्टोबर महिन्यावर आला होता.

गौरीपूजनाच्या सकाळी ती सातलाच काकूंकडे पोचली. आंघोळ करून रेशमी साडी नेसली. आदल्या दिवशी बसलेल्या गौरींच्या साड्यांच्या निऱ्या नीट केल्या. पुरण शिजत घातलं, बारा भाज्या आटोपल्या. मंजिरी बाहेरच्या टेबलाशी चिरून देत होती. काकू देवघरासमोर स्टुलावर बसून सोळा पदरांचं सूत गुंडाळत होत्या. दहाच्या सुमाराला कंबरेत काहीतरी ओढल्यासारखं झालं. वाकून काम केल्यामुळे असेल म्हणून तिने तेरावी भाजी फोडणीला टाकली. मग ती गॅस बारीक करून वर बाथरूममध्ये गेली.

रक्त होतं.

सुलक्षणा टबाच्या काठावर बसली. रोज रक्तात हात घालणारी ही बाई, रक्ताच्या नळ्यांवर पोट भरणारी, ती त्या एवढ्याशा डागाकडे बघत बसली. एक गोळी नाही, एक इंजेक्शन नाही. कुणी बोलावलं नव्हतं. आपल्या आत, चौदा वर्षं बंद पडलेल्या त्या कोपऱ्यात, कुणीतरी एक एक करून सगळं मांडलं होतं, वेळ झाली तेव्हा आवरलं होतं आणि तिला विचारलंही नव्हतं. तिला भीती वाटली, आनंद नंतर झाला. एवढं मोठं काही आपल्या अंगात राहतं, आणि आपण त्याला आजवर नुसती नावं ठेवत आलो. खाली पुरण आटत होतं, ते तिला कळत होतं, आणि उठवत नव्हतं.

मग एक साधी अडचण लक्षात आली. तिच्याकडे पॅड नव्हतं. तिला बाळगायची सवयच नव्हती. बहात्तर वर्षांच्या काकूंच्या घरात ते कुठून असणार! तिने दार किलकिलं करून मंजिरीला हाक मारली.

मंजिरी वर आली, ऐकलं, आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. तेवढ्यात सुलक्षणाने तिला सगळंच सांगून टाकलं. गोळ्या, पी.सी.ओ.एस., पित्ताशय नव्हे ते ऑपरेशन, ऑक्टोबर. मंजिरी दाराबाहेरच मटकन खाली बसली, मग उठून तिने पर्स आणून आत सरकवली, आणि मग ती व्यवहारावर आली.

“हे बघ, खाली काही बोलू नकोस. चाळीस माणसं येतायत. पोळ्या कोण लाटणार? काकूंचे गुडघे बघ. आणि तुझ्यावर कुणाला डाउटसुद्धा येणार नाही गं. यू आर द लास्ट पर्सन! आज होऊन जाऊ दे, उद्या सांग.”

खरं होतं. जगात कुणाला संशय आला नसता. ती खाली गेली असती, पोळ्या लाटल्या असत्या, पंगतीत काकूंनी नेहमीचं वाक्य म्हटलं असतं आणि बायकांनी माना डोलावल्या असत्या. सोवळंओवळं तिला स्वतःला फारसं पटतही नव्हतं. पण चौदा वर्षं वाट पाहून जी गोष्ट आली, तिला आल्या दिवशीच लपवायचं? चोरून आलेल्या पाहुण्यासारखं मागच्या खोलीत कोंडायचं? ते तिच्याने होईना.

“नाही गं,” ती म्हणाली, “मी सांगणार.”

ती खाली आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबली. पाऊल आत टाकलं नाही.

“काकू, मला बाजूला व्हावं लागेल.”

काकूंचं सुतावरचं बोट थांबलं. “कशासाठी?”

“अडचण आलीय.”

“तुला?” काकू हसल्याच. मग हसू थांबलं. “तुला कशी येईल?”

उंबऱ्यात उभी राहून, मंजिरीला पुरण हलवायला पाठवून, सुलक्षणाने त्यांना सांगितलं. लपवून ठेवलेलं सगळं, पहिल्यापासून. “काकू, मी सोवळी नव्हते हो. मी आजारी होते. देवीनं काही ठेवलं नव्हतं मला, माझ्यात बिघाड होता. तुम्ही कौतुक करायचात आणि मला ते आवडायचं, म्हणून मी बोलले नाही. माफ करा मला.”

काकूंनी सूत बाजूला ठेवलं. पुरणाचा वास सगळ्या घरात भरला होता.

“आज आली ती गोळी न घेता?”

“न घेता.”

“आपली आपण?”

“आपली आपण.”

काकूंचा चेहरा कडक होता, तो हळूहळू सैलावला. “अकरा वर्षं,” त्या म्हणाल्या, “अकरा वर्षं मी तुझ्या दुखण्याला सोवळं समजत आले गं. चारचौघींत मिरवलं ते दुखणं. आणि तू पोळ्या लाटत राहिलीस.”

काकू स्टुलाला धरून उठल्या. गौरींपुढे ओटीची तयारी मांडलेली होती, त्यातला एक खण, एक नारळ आणि ओंजळभर तांदूळ त्यांनी उचलले आणि तशाच, सोवळ्यातल्या, त्या उंबऱ्याकडे यायला लागल्या. मंजिरी ओट्यापासून ओरडली, “काकू, शिवाल!”

“शिवू दे. पदर पुढे कर गं.”

“काकू, अहो, आज मी—”

“आजच. आमच्यात पोरीला न्हाण आलं की ओटी भरतात. तुझं आज आलंय. सदतीसाव्या वर्षी आलं, म्हणून काय झालं?” त्या गौरींकडे वळून म्हणाल्या, “या थांबतील तेवढ्या. बायकाच आहेत त्याही.”

तिथे, पॅसेजमधल्या बुटांच्या रॅकपाशी, पायपुसण्यावर उभी करून लीलावतीकाकूंनी सुलक्षणाची ओटी भरली. एका हाताने दाराची चौकट धरून भरली, त्यामुळे निम्मे तांदूळ कार्पेटवर सांडले. कुंकू लावताना त्यांनी तिची हनुवटी धरली आणि क्षणभर तशीच धरून ठेवली. सुलक्षणा डोळ्यांना आडवा हात लावून रडत होती. रडता रडता हसत होती, आणि पदरातला नारळ पडू नये म्हणून त्याला धडपडत सावरत होती.

“रडू नकोस. कामं पडलीत,” काकू म्हणाल्या. “मंजिरी, पोळ्या तुझ्याकडे. तुझ्या वातड होतात, पण आज चालतील. आणि मला आता परत आंघोळ करायला हवी.”

पुन्हा आंघोळ म्हणजे पुन्हा तो जिना. काकूंनी वर पाहिलं, तेरा पायऱ्या, आणि कठड्याला एक हात लावला. सुलक्षणा सवयीने सरसावली, आणि आज आपण शिवायचं नाही हे आठवून मागे झाली. काकूंनी दुसरा हात तसाच मागे धरून ठेवला.

“आता शिवलेच आहे मी तुला,” त्या म्हणाल्या. “तर धर.”

सुलक्षणाने त्यांचा हात धरला. एकेका पायरीवर थांबत दोघी वर चढत गेल्या, आणि त्या वर्षी गौरींचा नैवेद्य तासभर उशिरा झाला.